किल्लीचा पाव फेरा

फोंडाघाटच्या बाजारात दत्तप्रसाद लाडचं दुचाकीचं गॅरेज आहे, आणि त्या गॅरेजात नवी गाडी घ्यायचं नाव काढलेलं त्याला खपत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "दत्ता, हिचो आवाज बरो येना नाय. दिवाळेक नवीनच घेतंय." दत्ता हातातला पाना खाली न ठेवता म्हणतो, "गाडयेक काय एक झाला नाय. चेन ढिली आसा." आणि दीडशे रुपयांत माणसाला त्याच गाडीवर बसवून परत पाठवतो. या एका वाक्यापायी शोरूमवाल्यांच्या किती गाड्या विकायच्या राहिल्या असतील, त्याचा अंदाज मी एकदा बसल्या बसल्या काढला होता. चौदा भरल्या.

हाच माणूस स्वतःच्या बासगिटारपुढे बसला की त्याची सगळी अक्कल गॅरेजच्या शटराआड राहते.

मी भाई. कणकवलीला माझं स्टेशनरीचं दुकान आहे, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत दर रविवारी दुपारी आमच्या 'कलाझंकार' ऑर्केस्ट्राची तालीम होते. मी खंजिरी वाजवतो आणि ऑर्केस्ट्राचा हिशोब ठेवतो. माझ्या खंजिरीबद्दल आजवर कोणी चांगलं-वाईट बोललेलं नाही. हिशोबाबद्दल सगळे बोलतात.

दत्ता बासवर. चार जाड तारा, लांब मान, खालचे सूर. लग्नात बसलेल्या पाहुण्याला विचाराल तर त्याला ती गिटार ऐकूच आलेली नसते. बंद पडली की मात्र अख्खं गाणं चिखलात पाय घसरल्यासारखं होतं. एवढं करून टाळ्या गाणारीला. अकरा वर्षांपूर्वी म्हापशाच्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडून दत्ताने ही मरून रंगाची गिटार साडेअकरा हजाराला घेतली, आणि तेव्हापासून तो तिच्यात काही ना काही भर घालत आला आहे. सूर उचलणारा पिकअप बदलला, तारा पिळायचे कान बदलले, तीस वॉटचा अ‍ॅम्प देऊन शंभर वॉटचा आणला, तारांचे तर सहा प्रकार झाले. मूळ गिटारीपेक्षा भर मोठी झाली. प्रत्येक खेपेला "आता ही शेवटची" असं तो म्हणतो, आणि त्याची बायको सोनल "व्हय व्हय" म्हणते. तिचा त्याला विरोध मात्र नाही. ती मला एकदा म्हणाली होती, "भाई, सा दिवस ह्या माणसाक ग्रीसचो वास येता. आयतवारी गिटार घेवन भायर पडलो काय माणसात येता. तेका आडवूक माका काय याड लागला?"

पावसाळ्यात तालमी बंद असतात. यंदा गणपती झाल्यावर त्या परत सुरू झाल्या आणि गडबड पहिल्याच रविवारी कळली. दत्ताच्या तारा मानेपासून इतक्या वर उभ्या राहिल्या होत्या की दाबता दाबता त्याच्या बोटांना वळ पडत होते. मानेच्या वरच्या अंगाला जरा वाजवलं की सूर चढा निघे, खालच्या अंगाला ठीक. बोट तारेपर्यंत पोचायला वेळ लागे, म्हणून ठेकाही मागे पडे. तीन रविवार असंच चाललं. चौथ्या रविवारी सुदेशने गाणं मध्येच थांबवलं.

सुदेश आमचा कीबोर्डवाला, आणि ऑर्केस्ट्रा त्याच्या नावावर. त्याने नुकताच मोठा कीबोर्ड आणला होता. त्याच्या डाव्या बाजूला बासचे सूर भरलेले. तो स्वभावाने वाईट नाही, पण नव्या वस्तूचे हप्ते सुरू असलेला माणूस ती वस्तू वापरल्याशिवाय राहत नाही.

"दत्तू," तो म्हणाला, "सावंतवाडीचो कार्यक्रम आठ डिसेंबराक. तलावाकाठी. हजारभर माणूस असतला. असो बास घेवन मी थय चढूचंय नाय."

"मगे?"

"मगे माझो डावो हात रिकामोच आसा."

मी खंजिरी उगाच पुसली. डावा हात म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं होतं. जिल्ह्यातल्या चार ऑर्केस्ट्रांतून बासवाले असेच गेले आहेत. एकदा डाव्या हाताने काम भागलं की मानधनातला एक वाटा वाचतो, गाडीतली एक जागा वाचते, आणि मग त्या माणसाला परत कोणी बोलावत नाही.

"दोन आयतवार दी," दत्ता म्हणाला. "नवीन घेतंय."

"घे. माका गिटारेशी मतलब नाय, सुराशी आसा."

झालं. दुसऱ्या दिवशीपासून दत्ताने गॅरेजची जॉब कार्डं गाड्यांच्या कामातून काढली आणि गिटारींना लावली. गाडीचा नंबर, तक्रार, सुटे भाग, मजुरी असे छापील रकाने. त्यांत त्याने गिटारी भरल्या. एकावर कोल्हापूरच्या दुकानातली नवी पाच तारांची: वजन सव्वाचार किलो, दोन पिकअप, आत बॅटरी, बत्तीस हजार. दुसऱ्यावर मडगावच्या कोणाची तरी जुनी चार तारांची: रंग उडालेला, लाकूड भारी, अठ्ठावीस हजार, 'घासाघीस होईल'. रोज दुपारी जेवण झालं की तो मला फोनवर दोन-तीन व्हिडिओ पाठवी. त्यांत टोपी घातलेला कोणी परदेशी इसम एकच ओळ दोन गिटारींवर वाजवी आणि कुठली कुठली ते ओळखायला सांगे. एकोणतीस व्हिडिओ आले. मी एकोणतीसही वेळा चुकलो. दत्ता सतरा वेळा चुकला, पण ते त्याने कार्डावर लिहिलं नाही.

"बॅटरी कित्याक रे आत?" मी विचारलं.

"आवाज स्वच्छ येता."

"म्हणजे तुझो आवाज सेलार चालतलो."

"भाई, तुका ह्यातला काय एक कळणा नाय."

"माका बत्तीस हजार कळतत."

शेवटी कोल्हापूर ठरलं. नवी वाजवून बघायची, जुनी दाखवून बदल्यात काय येतं ते पाहायचं. "घासाघीस करूक तू चल," असं दत्ता म्हणाला, म्हणून दुकान एक दिवस बंद ठेवून मी गेलो. एसटीत गिटार आमच्या दोघांच्या मध्ये उभी. कंडक्टरने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हेचा काय? माणूस काय सामान?"

"वाद्य आसा," दत्ता म्हणाला.

"पुढच्या येळाक बाकड्याखाली घाला. ह्या येळाक बसान जाऊ दी तेका. घाट लागतलो, उलटी करना नाय मा?"

घाट चढून राधानगरीवरून कोल्हापूर. दुकान मोठं होतं. पाच तारांची गिटार भिंतीवर काळी कुळकुळीत लटकत होती. दत्ताने ती मांडीवर घेतली, पाचवी तार छेडली, आणि काउंटरवरची काच थरथरली. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पहिल्या नातवाला मांडीवर घेतलेल्या माणसाचं तोंड असं होतं. घासाघीस आता गेली, हे मी ओळखलं. असं तोंड पाहिलेला दुकानदार एक रुपया सोडत नाही.

"जुनीचे किती देशात?" मी घाईने विचारलं.

दुकानदाराने जुनी आत पाठवली. आतून दुरुस्तीचे मिस्त्री तिला घेऊन बाहेर आले. साठीचे, नाकावर चष्मा, कानाला पेन्सिल. त्यांनी गिटार आडवी धरली, तिचं शेपूट डोळ्याशी आणलं आणि एक डोळा मिटून मानेच्या कडेने लांबवर बघितलं.

"बघा की मालक," ते दत्ताला म्हणाले.

आता ऐका. हा दत्ता दिवसाला दहा रिम अशाच एका डोळ्याने बघतो. लाकडाचा वासा असो, गाडीचा फोर्क असो, त्याला वाक लांबून दिसतो. या गिटारीत त्याने अकरा वर्षांत सगळं बदललं, पण तिच्या मानेवरून एक डोळा मिटून कधी पाहिलं नव्हतं. त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आउट आसा," तो हळूच म्हणाला.

"धनुष्य झालंय. म्हणून तारा वर." मिस्त्रींनी गिटार नाकाशी नेली. "आणि हिला धुराचा वास येतोय. हाटेलात वाजवता काय?"

"नाय हो. घराकच असता."

"घरात कुठं?"

"माझ्या खोलीत. पिशवीत." दत्ताने पण वास घेतला. "आमच्या घरातल्या सगळ्या वस्तूंका असोच वास येता."

तेव्हा मला जुलैतली एक दुपार आठवली. दत्ताकडे पावती द्यायला गेलो होतो. तो गॅरेजात, सोनल कामावर. मागच्या पडवीत न्हाणीच्या पाण्याची चूल पेटलेली, आणि तिच्यावरच्या लोखंडी आकड्याला एक लांबोडी पिशवी टांगलेली. बियाणं असेल, नाहीतर कोकमाची सोलं असतील, असं मला वाटलं होतं. इतरांच्या घरातल्या चमच्यांची मोजदाद ठेवणारा मी; ही एक नोंद माझ्या हातून सुटली होती.

"दत्ता," मी म्हटलं, "तुमच्या चुलीवरच्या आकड्याक काय टांगतत?"

"आता काय नाय. आधी बाबाचो मिरदंग असायचो." आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

दत्ताचा बाप भजनात मृदंग वाजवायचा. आमच्याकडे पावसात कातडं ओल धरतं, मृदंग भसभसा बोलायला लागतो, म्हणून तो चुलीवर टांगतात. शेक लागला की कातडं ताणतं आणि आवाज परत उभा राहतो. दत्ताच्या आईने, माईने, हे काम पंचवीस पावसाळे केलेलं. दत्ता सकाळी गॅरेजात गेला की ती गिटार चुलीवर टांगत असणार आणि संध्याकाळी तो यायच्या आत जाग्यावर ठेवत असणार.

मिस्त्रींना मी हे मराठीत समजावून सांगितलं, तसे ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अहो, कातड्याला शेक लागतो. लाकडाला बाक येतो! त्यात तारा ताणलेल्या. आईंना दंडवत सांगा माझा. मान मोडली नाही हे नशीब."

त्यांनी गिटारीच्या डोक्यावरची तीन स्क्रूंची झाकणी काढली. आत एक खाच. मानेच्या पोटातून लोखंडी सळी जाते, तिचं टोक तिथे निघतं. ती आवळली की मान सरळ होते. त्यांनी एलन-की, म्हणजे वाकडी षटकोनी किल्ली, घातली आणि फक्त पाव फेरा दिला.

"इतकोच?" दत्ता म्हणाला.

"इतकाच. चहा पिऊन या."

चहा पिऊन आलो, आणखी पाव फेरा. "उरलेलं घरी. दिवसाला पाव. लाकडाला सवय लागू द्या. तुम्ही गॅरेजवाले ना? मग तुमचीच भीती आहे मला. जोर केला तर सळी तुटंल."

सळी आहे हे दत्ताला ठाऊक होतं. त्या टोपीवाल्यानेच व्हिडिओत तिला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. इंजिन खोलून सतरंजीवर मांडणारा माणूस, एका खाचेला भिऊन बत्तीस हजार घेऊन आला होता.

मग दोन्ही गिटारी एकाच अ‍ॅम्पवर, एकाच गाण्याला. आधी काळी, मग मरून, परत काळी. मी डोळे मिटून ऐकलं. खोटं कशाला सांगू, काळीचा खालचा सूर मोठा होता. पण मरून हातात आली की दत्ता सूर शोधत नव्हता; बोटं आपली आपण जात होती, मानेवरचा रंग जिथे अकरा वर्षांत झिजला होता तिथे.

तो दोन्ही मांडीवर आडव्या घेऊन बसला.

"दत्ता," मी म्हटलं, "गाडयेक काय एक झाला नाय."

"भाई, गप."

"चेन ढिली आसा."

"मेल्या, गप रव म्हटलंय मा!"

दुकानदाराला काही कळलं नाही, पण काळी गिटार परत भिंतीवर गेली एवढं त्याला कळलं. आम्ही दुरुस्तीचे चारशे दिले, तारांचा एक संच घेतला, आणि पाच हजारांची एक कडक पेटी घेतली. पेटीबाबत मी घासाघीस केली. आलो होतो कशाला?

परतीच्या गाडीत घाट उतरताना दत्ता म्हणाला, "माईक काय सांगूचा नाय."

"कित्याक?"

"गेल्या वरसा बाबा गेल्यावर मिरदंग देवळात दिलो आमी. तो आकडो रिकामो होतो. ती माझ्या गिटारेक तोंडावर 'ढुमढुमा' म्हणता. एक शबूद बोलाक नाय आणि तीन म्हयने रोज..." त्याने खिडकीबाहेर बघितलं. "कसा सांगू?"

"नको सांगू. येत्या मिरगाक ती पेटी पण चुलीवर चढतली. पाच हजाराची."

त्याने पेटी आपल्याकडे ओढून घेतली.

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. माई ओटीवर नारळ सोलत बसली होती. पेटी बघून तिने कोयता थांबवला.

"ह्या काय हाडलंस? कोणाक पुरूचा आसा?"

"गिटारेची पेटी गो."

"जुनीच हाडलंस परत? बरा केलंस. कित्याक गेल्लंस मगे?"

दत्ता खांबाला टेकला, सरळ झाला, परत टेकला. "माई, पावसात तू हिका... चुलीवर..."

"व्हय," माई म्हणाली. तिला लपवायचं काही नव्हतं. "रोज टांगी होतंय. तुझ्या बापाशीचो मिरदंग मियाच सांभाळलंय. कधी भजनात आवाज बसलो? वाडयेत कोणाक पण इचार."

"बसूक नाय, माई."

"मगे?"

उरलेलं मी सांगितलं. कातडं, लाकूड, बाक, सगळं. माई ऐकत राहिली. नारळाची सोडणं तिने पायाने एका बाजूला केली.

"म्हणजे बिघडली ती माझ्या हातान."

"बिघडूक नाय गो! सरळ होता ती. दोन दिवसात."

"तरी मी म्हणतंय, दोरयो अशो वर वर कित्याक येतत." मग तिचा आवाज चढला. "आणि ह्या माका जूनात सांगूक तुझ्या तोंडाक काय झाला होता? लाकडाची आसा, शेकूची नाय, दोन शबूद! अकरा वरसा घरात वस्तू आसा, तिका काय सोसता काय नाय ता म्हातारेक कोण सांगतलो?"

बरोबरच होतं तिचं. त्या गिटारीबद्दल तो परक्या टोपीवाल्याशी तासन् तास एकमत करी. घरात मात्र त्याने कोणाला कधी काही सांगितलं नव्हतं.

"आता काय करूचा तिचा?" माईने विचारलं.

त्याने खिशातली एलन-की दाखवली. दिवसाला पाव फेरा, आणि मग हात लावायचा नाही.

माईने किल्ली त्याच्या हातातून घेतली. "लहानपणी तू रेडिओ खोललंस, तो अजून परत जुळूक नाय," ती म्हणाली, आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधून गाठ मारली. "सकाळी दिवो लावन झालो काय देतंय. माझ्यासमोर फिरव. माका परत दी."

तसंच चाललं. सोनलने मला फोनवर सांगितलं: पहिल्या सकाळी पाव फेरा, दुसऱ्या सकाळी पाव, तिसऱ्या सकाळी दत्ता म्हणाला आणखी एक, तर माईने गिटार हातात घेतली, एक डोळा मिटून मानेवरून पाहिलं आणि म्हणाली, "सरळ आसा. पुरे." पेटी आता माईच्याच खोलीत असते, कपाटाच्या बाजूला, चुलीपासून दोन भिंती लांब. तिच्यावर काही ठेवलेलं तिला चालत नाही.

रविवारी तालमीला सुदेश लवकर आला. कीबोर्डची डावी बाजू त्याने आधीच लावून ठेवली होती. दत्ताने पेटी उघडली आणि मरून गिटार बघून सुदेश म्हणाला, "ही तीच रे."

"तीच."

"नवीन घेतलंस नाय?"

"वाजव तू."

पहिलं गाणं सुरू झालं. सुदेशचा डावा हात खालच्या पट्ट्यांवर होता, दत्ताबरोबर तोही बास देत होता, खात्री म्हणून. पहिलं कडवं दोघांनी एकत्र वाजवलं. दुसऱ्या कडव्याला वरचा सूर आला, तोच, जो महिनाभर चढा लागत होता, आणि दत्ताचं बोट त्यावर असं बसलं की मी खंजिरी वाजवायची विसरलो. कोणाच्या लक्षात आलं नाही. मी सुदेशच्या डाव्या हाताकडे बघत होतो. तो पट्ट्यांवरून हळूच वर आला, जरा वेळ हवेतच राहिला, कुठे जावं त्याला सुचेना. मग तो खाली उतरला आणि त्याने चहाचा कप धरला.

गाणं संपल्यावर सुदेशने चहा पिऊन टाकला. "सावंतवाडेक गाडी दुपारी दोनाक सुटतली," तो म्हणाला. "पेटी टपार नको, आत घे."

दत्ताने मान हलवली. लगेच त्याने गिटार आडवी धरली, एक डोळा मिटला आणि मानेवरून बघायला लागला. मला त्याची नजर ओळखीची झाली होती. शर्टाच्या खिशातून पाच तारांच्या गिटारीचं जॉब कार्ड डोकावत होतं. फाडलेलं नव्हतं, फक्त तारखेच्या रकान्यात 'पुढची दिवाळी' लिहिलेलं होतं.

"भाई," तो म्हणाला, "माका दिसता, आणखी एक पाव फेरो दिलो तर अजून बरा बोलतली."

"मगे दी."

त्याने चारी खिसे चाचपले. किल्ली घरी फोंडाघाटला होती, माईच्या पदराला.

"ऱ्हवांदे," दत्ता म्हणाला, आणि पुढच्या गाण्याचा पहिला सूर दिला.